सोलापूरच्या नवी पेठेतलं प्रबंध बांधून देणारं दुकान: पीएच.डी. करणाऱ्यांनी जरूर जावं

पीएच.डी.चं काम संपत आलंय, केगावला विद्यापीठात प्रबंध जमा करायचाय, टायपिंग-बायंडिंग कुठं करू, असं मला आमच्या कॉलेजातली मुलं विचारतात, त्यांचे मित्र विचारतात, आणि हल्ली पंढरपूर-बार्शीकडूनही फोन येतात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. माझं उत्तर म्हणजे नवी पेठेतल्या बोळातलं मामांचं दुकान. पाटीवर ‘डीटीपी, झेरॉक्स, बायंडिंग’ एवढंच आहे. खाली झेरॉक्स मशीन, अरुंद जिन्यानं वर गेलं की दोन कॉम्प्युटर, आणि मागच्या खोलीत पुठ्ठे, रेक्झिनचे गठ्ठे, कटिंग मशीन आणि खळीचा वास. बायंडिंग मामा स्वतः करतात, टायपिंग आणि सेटिंग त्यांची सून बघते. तिला आम्ही सगळे वहिनी म्हणतो.

मी समाजशास्त्र शिकवते. माझा प्रबंध सोलापुरातल्या विडी कामगार बायकांच्या मजुरीवर होता. तो इथंच टाईप झाला आणि इथंच बांधला. आता माझ्याकडं संशोधक विद्यार्थी आहेत, त्यांचेही प्रबंध इथूनच निघतात. त्यामुळं या दुकानाची ओळख मला विद्यार्थी म्हणूनही आहे आणि गाईड म्हणूनही.

आधी टायपिंगबद्दल, कारण मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांची खरी अडचण तिथंच असते. गावातल्या बऱ्याच डीटीपीवाल्यांकडं अजून श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये, काम चालतं. लग्नपत्रिका, हँडबिल, कार्यक्रमपत्रिका यांना ते चालून जातं. प्रबंधाला चालत नाही. जमा करताना मजकुराचं इतरांच्या लिखाणाशी साम्य सॉफ्टवेअरनं तपासतात, आणि श्रीलिपीतली मराठी त्या सॉफ्टवेअरला मराठी म्हणून दिसतच नाही, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता कालवा दिसतो. साम्य शून्य टक्के येतं, आणि ते बघून हायसं वाटणारी मुलं मी पाहिलीयत. पण तोच प्रबंध पुढं शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, गेला की त्यातला एक शब्दसुद्धा कुणाला शोधून सापडत नाही. इतक्या वर्षांची मेहनत देशभरातल्या वाचकांसमोर ठेवायची आणि ती कुणाच्या हातीच लागू नये, याला काय म्हणायचं? वहिनी पहिल्या भेटीतच सांगतात, युनिकोडमध्येच करू, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला मराठी मराठीच दिसेल.

ज्यांचा मजकूर आधीच श्रीलिपीत आहे त्यांना वहिनी तो कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये काढून देतात. कन्व्हर्टर काय, सगळ्यांकडं असतो. त्यातून बाहेर पडलेला मजकूर वाचायला मात्र कुणाला वेळ नसतो. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ऱ्हस्व वेलांटी सुटून पुढं सरकते, ‘दुसऱ्या’मधला ऱ्या फुटतो, अवतरणचिन्हाच्या जागी भलतंच अक्षर येतं. माझ्या एका विद्यार्थिनीचा विषय शेतमजूर कुटुंबांचा कर्जबाजारीपणा. कन्व्हर्ट केल्यावर अख्ख्या प्रकरणात ‘कर्ज’चा रफार गळून ‘कज’ झालेलं. वहिनींनी एकगठ्ठा बदल केला नाही, कारण तसं केलं की चांगले शब्दही बिघडतात. पान न पान वाचलं, शंका आली तिथं पेन्सिलीनं गोल केला आणि तिला बोलावून घेतलं. शेजारी बसवून प्रत्येक गोल तिच्याकडूनच दुरुस्त करून घेतला.

प्रूफाची त्यांची हीच पद्धत आहे. शेवटचं प्रूफ संशोधकानं दुकानात बसून वाचायचं आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी सही करायची. सहीशिवाय पान बायंडिंगला जात नाही. घाईत असलेल्यांना याचा त्रास होतो. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. आपलंच लिखाण, आपल्या टेबलापासून लांब, दुसऱ्याच्या खुर्चीवर बसून ओळीनं वाचायचं, हे संशोधकाला किती कमी वेळा घडतं! पुढं पेपर पाठवताना, प्रकल्पाचा अहवाल देताना, विद्यार्थ्याच्या प्रकरणावर शेरा मारताना मी हेच करते. छापून घेते, जागा बदलते, पेन्सिल घेऊन वाचते.

फाईल ठेवण्याची शिस्तही इथलीच घ्यावी. रोजच्या कामाची फाईल तारखेच्या नावानं वेगळी ठेवतात, जुनी पुसत नाहीत. काम संपलं की सगळं तुमच्या पेन ड्राइव्हमध्ये देतात आणि तुमच्यासमोर त्यांच्या कॉम्प्युटरवरून काढून टाकतात. माझ्या प्रबंधात बायकांच्या मुलाखती होत्या, कुणाच्या नवऱ्याच्या दारूबद्दल, कुणाच्या थकलेल्या हप्त्यांबद्दल. त्या मुलाखती कुणाच्या मशीनवर पडून राहू नयेत, याची काळजी दुकानदारानं स्वतःहून घेतलेली मला दुसरीकडं दिसली नाही.

बायंडिंग बघायचं असेल तर मागच्या खोलीत जा. प्रबंध गोंदानं चिकटवून देण्याची पद्धत आता सगळीकडं आलीय, ती स्वस्त आणि झटपट आहे. पण जाड प्रबंध चार वेळा उघडला की कण्यापासून पानं सुटायला लागतात. मामा दोऱ्यानं शिवतात. पानांचे छोटे छोटे गठ्ठे करून, सुईनं एकेक गठ्ठा पुढच्याला जोडत, मग कण्यावर कापडाची पट्टी, मग पुठ्ठा, मग रेक्झिन. डाव्या बाजूला दीड इंच समास सोडलाय की नाही, हे ते पट्टी लावून बघतात आणि कमी असेल तर छपाईच करू देत नाहीत. आडवे तक्ते असतील तर तक्त्याचं डोकं कण्याकडं आलं पाहिजे, हेही मुलांना तेच शिकवतात. सोनेरी अक्षरं शेवटी. माझी प्रत कपाटात आहे, विद्यार्थी सतत काढून वाचतात, अजून एक पान हललेलं नाही.

आता या दुकानाची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. जिन्याच्या वरच्या टोकाला, कॉम्प्युटरच्या वर, हातानं लिहिलेला पुठ्ठा टांगलाय: ‘इथे प्रबंध लिहून मिळणार नाही. सिनॉप्सिस, पेपर, सारांशही नाही. विचारू नये.’

हा पुठ्ठा उगाच लावलेला नाही. बाजारात ‘पॅकेज’ मिळतं. विषय द्या, पैसे द्या, सिनॉप्सिसपासून पेपरपर्यंत सगळं तयार. माझ्याकडं प्रवेशासाठी आलेल्या एका हुशार मुलीला कुणीतरी असं पॅकेज सांगितलं होतं, हप्त्यांच्या सोयीसकट. ती मला विचारत होती, मॅडम, सगळेच असं करतात का? मला त्या प्रश्नानं फार वाईट वाटलं. शिकणारी, घरातली पहिली पदवीधर मुलगी संशोधनाच्या दाराशी येते आणि तिला पहिली माहिती ही मिळते.

मी तिला आधी नियम सांगितले. २०१८ पासून यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, वाङ्मयचौर्याविषयीचे नियम आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा द्यायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर जमा करता येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पण सॉफ्टवेअर फक्त साम्य मोजतं. पैसे देऊन दुसऱ्याकडून नव्यानं लिहून घेतलं तर ते त्याला कळत नाही. ते कळतं पुढं. व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, खुला असतो, बाहेरचे परीक्षक विचारतात, हाच नमुना का निवडला, ही बाई मुलाखतीला नाही म्हणाली तेव्हा काय केलं. त्यातूनही एखादा सुटतो. मग तो प्राध्यापक होतो, त्याचे पेपर होतात आणि तो गाईड होतो. २०२२ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाकडं चार, सहयोगीकडं सहा आणि प्राध्यापकाकडं आठ विद्यार्थी एका वेळी असू शकतात. ज्यानं स्वतः एकही प्रकरण झगडून लिहिलेलं नाही, तो त्या मुलांना काय दाखवणार? पुढच्या किती मुलांची वर्षं त्यात जातात याचा विचार केला की मला झोप लागत नाही. त्या पुठ्ठ्यामुळं मामांचं किती गिऱ्हाईक जात असेल, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनी तो उतरवलेला नाही, हे मात्र मी बघतेय.

माझ्या स्वतःच्या कामाला पुढची दिशा याच दुकानात मिळाली, तेही लिहिते.

अभ्यासासाठी मी निवडलेल्या बायका, म्हणजे माझा नमुना, सगळ्या कार्डधारक होत्या. विडी कामगाराला ओळखपत्र असतं, कारखान्यातून पानं, तंबाखू आणि दोरा तिच्या नावावर मिळतो, विड्या तिच्याच नावावर जमा होतात. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यानं घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं होतं, त्यामुळं कार्ड हा तिच्या हक्काचा कागद होता. सल्लागार समितीनंही नमुन्याची हीच चौकट मान्य केली होती. मजुरी हजार विड्यांमागं. माझा चौथा तक्ता त्यावर होता: कार्डनिहाय रोजच्या विड्या, रोजची कमाई.

तो तक्ता सेट होत असताना मामा मागच्या खोलीतून हात पुसत आले, स्क्रीनकडं बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “मॅडम, आमच्या घरात कार्ड आईच्या एकटीच्या नावावर होतं. वळायला आई, मोठी बहीण आणि शाळेतनं आल्यावर मी. आम्ही दोघं कुठं बसतो ओ तुमच्या तक्त्यात?”

हिशेब बघा. एका कार्डावर रोज हजार विड्या जमा होत असतील, तर कागदावर ती एका बाईची एका दिवसाची कमाई असते. वळणारे तिघं असतील तर तीच कमाई तिघांच्या श्रमाची आहे, आणि माणशी मजुरी तिसऱ्या हिश्शावर येते. भविष्य निर्वाह निधी जमा होतो तो कार्डावरच्या एकाच नावाला. बहिणीचं लग्न होऊन ती सासरी जाते तेव्हा तिनं वळलेल्या विड्यांची कुठंच नोंद नसते. माझ्या प्रबंधाच्या चौकटीबाहेरचा हा प्रश्न होता. गाईडशी बोलून मी तो शेवटच्या प्रकरणात ‘पुढील संशोधनाच्या दिशा’ या भागात मांडला, आणि पदवी मिळाल्यावर त्याच दिशेनं गेले. बिनकार्डाच्या हातांवर माझं नंतरचं सगळं काम आहे. आता माझी एक विद्यार्थिनी त्याच्याही पुढं गेलीय: ज्या मुलींच्या आया विड्या वळायच्या, त्या टॉवेल आणि युनिफॉर्मच्या शिलाईत आल्या, तर तिथं त्यांचं नाव हजेरीवर लागतं का, हे ती बघतेय.

पीएच.डी.नं करिअर घडतं असं म्हणतात, ते मला या अर्थानं पटतं. नोकरीच्या नियमांचं म्हणाल तर ते बदलत राहतात. २०१८ मध्ये ठरलं की विद्यापीठांत सहायक प्राध्यापक व्हायला २०२१ पासून पीएच.डी. लागणारच. मग ती मुदत २०२३ पर्यंत पुढं ढकलली, आणि २०२३ मध्ये नियमच बदलून नेट किंवा सेट पुरेशी केली. सहयोगी प्राध्यापक व्हायला मात्र पीएच.डी. लागतेच. पेपर कुठल्या यादीतल्या नियतकालिकात हवा यासाठी २०१९ पासून यूजीसीच्या केअर यादीच्या मागं सगळे धावत होते, फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही यादी बंद झाली. प्रत्येक बदलाबरोबर मामांच्या जिन्यावरची गर्दी कमी-जास्त होते. नुसता नियम बघून नोंदणी केलेली मुलं नियम बदलला की मधेच थांबतात. ज्यांच्या डोक्यात प्रश्न आहे, ती थांबत नाहीत.

आणि काहींना पुढं चालू ठेवणं परवडत नाही, तरी ती थांबत नाहीत. प्राणिशास्त्रातला एक मुलगा या दुकानात नेहमी भेटतो. त्याचा प्रबंध सोलापूरजवळच्या नन्नजच्या माळरानावरच्या पक्ष्यांवर. पदवी मिळून वर्षं झाली, अजून तासिका तत्त्वावर आहे. तासांप्रमाणे पैसे, सुट्टीत काही नाही. १९७९ मध्ये अभयारण्य झालेल्या त्या माळावर माळढोक आता जवळजवळ दिसत नाही, पण धाविक दिसतो, चंडोल दिसतात, आणि हा रविवारी जाऊन त्यांच्या नोंदी ठेवतो. वर्षाच्या शेवटी त्या वह्या मामांकडं आणतो. मामा त्या शिवून, रेक्झिन लावून, कण्यावर साल घालून देतात. एका फळीवर त्या ओळीनं उभ्या केलेल्या मी बघितल्यात. या मुलाला कायमची जागा मिळायला हवी, इतकी वर्षं भरती रखडवून आपण अशा संशोधकांचं फार नुकसान केलंय. ज्याला ती प्रबंधाच्या वर्षांत लागलेली नोंदींची सवय पगाराशिवाय सुटत नाही, त्याच्याकडून पगार दिल्यावर किती काम होईल! ज्युनिअर रिसर्च फेलोशिप आता महिना ३७,००० आहे, राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्याही आहेत, त्यानं शिकतानाची वर्षं निभतात. त्याच्या पुढच्या वर्षांचं काय, हे सरकारनं बघायला हवं.

दुकानाच्या उणिवाही सांगते, म्हणजे जाताना तयारीनं जाल. आलेख इथं करून घेऊ नका. एक्सेलमधले भडक रंग जसेच्या तसे येतात आणि काळ्या-पांढऱ्या छपाईत सगळे सारखेच दिसतात, म्हणून आलेख स्वतः करून, चित्र म्हणून न्या. इंग्रजी प्रबंधाचं सेटिंग चांगलं करतात, प्रूफ मात्र इंग्रजी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. संदर्भसूचीसाठी झोटेरोसारखं काही वापरत असाल तर सूची पक्की करून मगच फाईल द्या. एकदा ती त्यांच्या मशीनवर उघडली की आपोआप बदलणारे संदर्भ साधा मजकूर होऊन जातात आणि नंतर एक संदर्भ वाढवायचा तर सगळी सूची हातानं बघावी लागते. कन्नड टायपिंग वहिनी स्वतः करतात, आणि उत्तम करतात. उर्दूचं इनपेजमधलं काम त्या बेगम पेठेतल्या एका ओळखीच्या माणसाकडं पाठवतात, त्याला दोन-चार दिवस जास्त धरा.

काम सावकाश होतं. उद्या जमा करायचाय म्हणून आज गेलात तर मामा सरळ नाही म्हणतील. महिनाभर आधी जा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे दिवस दुकान बंद असतं, आणि नेमकी तेव्हाच कुणाची तरी प्रबंध जमा करायची मुदत संपत आलेली असते. फोन क्वचितच उचलतात. दर इतरांपेक्षा थोडा जास्त आहे, शिलाईच्या बायंडिंगचा तर नक्कीच. पण फेलोशिप थकलेल्या मुलांकडून मामा टप्प्याटप्प्यानं पैसे घेतात, त्याची एक वही आहे, आणि पैसे बाकी आहेत म्हणून कुणाचा प्रबंध अडवून ठेवलेला मी तरी बघितला नाही.

नवी पेठेत गाडी लावायला जागा मिळत नाही, पार्क चौकात लावून चालत या. सोबत विद्यापीठाचं प्रबंधाच्या नमुन्याचं ताजं परिपत्रक, मुखपृष्ठावरचा मजकूर गाईडच्या सहीनिशी, आणि दोन पेन ड्राइव्ह आणा. सहीच्या प्रूफासाठी अख्खी दुपार मोकळी ठेवा. चहा वहिनी सांगतात.